योगिनीने पाहिलेली रात्र

योगिनी रिसबूड हिला दिवसाउजेडी भेटलेल्या माणसाला कधी शंकासुद्धा आली नसती. भोपाळच्या टी. टी. नगरातल्या एका शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. शेवटच्या बाकावर पुस्तकाआड चिंच खाणारी मुलगी तिला बरोबर दिसायची, फळ्यावरचा नकाशा ती हात न उचलता काढायची. पण ऊन उतरायला लागलं की तिचं लक्ष खिडकीकडे जायचं. शाळेतला कार्यक्रम लांबला की ती काहीतरी कारण सांगून निघायची. बरोबरच्या बायकांना वाटायचं, बाईंच्या घरी फार कडक वातावरण असणार.

घरी कडक कोणीच नव्हतं. गोष्ट एवढीच होती, की दिवस मावळला की योगिनीला दिसायचं नाही.

हे लहानपणापासूनचं. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात सगळी भावंडं छतावर गाद्या टाकून झोपायची. कोणी तारे मोजायचं, कोणी सप्तर्षी शोधायचं. योगिनीही बोट वर करून मोजायची, कारण सगळे मोजत होते. तिला वर एक काळी चादर दिसायची, आणि चंद्र असला तर चंद्र. ती बरीच मोठी होईपर्यंत तिला वाटत होतं, की तारे मोजणं हा एक खेळ आहे, सगळेच मनाने मोजतात. पुढे डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार म्हणून सांगितलं. रात्री दिसणार नाही, आणि वय वाढेल तशी दिवसाच्या नजरेची कडही हळूहळू आत सरकत येईल. औषध नाही.

लग्न ठरताना तिने स्वतःच सुभाषला हे सांगितलं होतं. सुभाष पुण्याचा. भेल म्हणून सगळे ओळखतात त्या कारखान्यात इंजिनियर म्हणून भोपाळला आला आणि इथलाच झाला. तो जरा विचार करून म्हणाला होता, "मग संध्याकाळी बाहेर जाताना माझा हात धरायचा. त्यात काय मोठंसं?"

आणि खरोखरच त्यात काही मोठं राहिलं नाही. लग्नसराई असो, गणपतीची आरती असो, रात्रीची गाडी पकडायची असो, सुभाषचा हात तिच्या कोपराला असायचा. "पायरी. अजून एक. डावीकडे गटार." असं तो इतर गप्पांच्या मधेच, श्वास घ्यावा तितक्या सहज म्हणायचा. त्यांची मुलगी जुई बोलायला लागली तेव्हा तीही आईला "पायली, पायली" म्हणायची.

सुभाष निवृत्त झाला आणि नेहरू नगरातल्या घरात दिवसभर काय करायचं हा प्रश्न पडला, तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. चांगला, भारी. पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणून. भदभदा धरणाच्या बाजूला दोन-तीनदा जाऊन आला. फोटोत फांदी यायची आणि पक्षी गेलेला असायचा. मग त्याने ठरवलं, की जे उडून जात नाही त्याचा फोटो काढायचा. म्हणजे रात्रीचं शहर.

दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. एका संध्याकाळी सुभाषने गच्चीवर तिपाई उभी केली, तिच्यावर कॅमेरा बसवला आणि पुस्तिकेत बघून बघून काय काय फिरवलं. योगिनी वाळलेले कपडे काढायला वर आली होती. तेवढ्यात खाली त्याचा फोन वाजला. "आलोच," म्हणत तो जिना उतरला, आणि फोनवर कारखान्यातला जुना मित्र अनंत किबे होता, त्यामुळे तो काही लवकर येईना.

अंधार पडला. योगिनी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून, एका हाताने कठडा पकडून उभी राहिली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं थांबायची तिला सवय होती. शेजारी कॅमेऱ्याचा पडदा तेवढा उजळलेला होता. काहीतरी करायचं म्हणून तिने वरचं बटण दाबलं.

खट् असा आवाज झाला. मग काहीच नाही. तिला वाटलं, आपण बिघडवला. बऱ्याच वेळाने पुन्हा खट् झालं आणि पडद्यावर एक चित्र आलं.

पाण्याच्या टाक्या होत्या. समोरच्या घराच्या गच्चीवर राहून गेलेला आकाशकंदील होता. त्यापलीकडे लिंबाचं झाड, पान न् पान वेगळं, आणि मागे निळं, गडद, खोल आभाळ. सगळं असं शांत, जसं कोणी पाण्याखाली ठेवून दिलंय. योगिनी पाहतच राहिली. आभाळावर बारीक बारीक पांढरे ठिपके पडले होते. तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. ठिपके गेले नाहीत. पुन्हा पुसला.

सुभाष वर आला. "सॉरी सॉरी, अनंता सोडेचना. चल, पायरी सांभाळ."

"अहो, याच्यावर धूळ बसून राहिलीय," योगिनी म्हणाली. "निघतच नाही."

सुभाषने वाकून पाहिलं. मग तो सरळ उभा राहिला.

"धूळ नाही गं," तो म्हणाला. "तारे आहेत ते."

त्या रात्री योगिनीने भाकरी करता करता तीनदा हात धुऊन तो फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, ती कॅमेऱ्याची पुस्तिका घेऊन बसली. शाळेत मुलींना समजावताना ती आधी स्वतःला समजावून घ्यायची, तसंच तिने हेही घेतलं. तिला ते नळाच्या पाण्यासारखं वाटलं. पाणी बारीक येत असलं, तरी बादली लावून ठेवली की भरते. डोळा म्हणजे ओंजळ. जेवढं आलं तेवढं, लगेच सांडलं. कॅमेरा बादली लावून बसतो. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे बादली किती वेळ लावायची. भिंगाचं तोंड किती उघडायचं, म्हणजे नळ किती सोडायचा. आणि आयएसओ, म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा ते, ही तिसरी गोष्ट होती, ती तिला तिखटासारखी वाटली. कमी उजेडाचा फोटो वाढवलेल्या आयएसओने चटकदार होतो खरा, पण फार वाढवला की सगळीकडे रवाळ कण दिसायला लागतात.

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" सुभाषने हसून विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली. "तुम्ही फक्त छतावर घेऊन चला."

"गच्चीवर."

"छतावर," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हा वाद काही मिटला नव्हता.

ती हिवाळाभर शिकत राहिली. हातात धरून रात्रीचा फोटो येत नाही, तिपाई हवीच. आणि तिपाईवरही बोटाने बटण दाबलं की कॅमेरा थरथरतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडेल असं लावायचं. अंधारात कॅमेरा स्वतःचं स्वतः फोकस करू शकत नाही, चाचपडतो, अगदी तिच्यासारखा. तेव्हा लांबचा एखादा दिवा पडद्यावर मोठा करून पाहायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा बारीक होईपर्यंत कडं हाताने फिरवायचं. पडद्यावरचं तिला दिसायचं, कारण समोरची नजर चांगली होती आणि पडदा उजळ होता. कॅमेऱ्याची चाकं किती टिचक्या फिरवली की काय होतं हे तिच्या बोटांना पाठ झालं. फोकसच्या कड्यावर नेमकी जागा कळावी म्हणून तिने दोऱ्याची एक गाठ बांधून चिकटवली.

सुभाषला वाटलं होतं, ती तलावाचे फोटो मागेल. तिने आधी मागितली ती घरासमोरची गल्ली.

"गल्लीत काय आहे फोटो काढण्यासारखं?" तो म्हणाला.

"मला काय माहीत? मी कुठे पाहिलीय?"

त्याने मुकाट्याने तिपाई फाटकाबाहेर नेऊन ठेवली. शटर उघडलं. कोपऱ्यावरचा सामोसेवाला आवरून घरी निघाला होता, तो फोटोत आलाच नाही, कारण चालणारं माणूस इतक्या वेळात विरून जातं. त्याच्या हातगाडीचे दिवे तेवढे एक पिवळी रेघ ओढून गेले. भिंतीला टेकून कुत्रं झोपलं होतं, ते मात्र नीट आलं. कुंपणावरून रातराणी बाहेर झुकली होती. तिचा वास योगिनीच्या ओळखीचा होता, पण ती रात्री अशी पांढरी शिंपडल्यासारखी दिसते, हे तिला आत्ता कळलं. वरच्या मजल्यावर एका खिडकीत निळा उजेड, दुसरीत केशरी.

"हे असं असतं होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही सगळे पण अंधारातूनच जाता."

मग मोठ्या तलावावर जाणं सुरू झालं. सूर्य बुडाल्यावर आभाळ निळं असेपर्यंतचा थोडासा वेळ सगळ्यात चांगला, हे तिला लवकर उमगलं. तेव्हा दिवेही लागलेले असतात आणि पाण्याचा रंगही गेलेला नसतो. भिंगाचं तोंड जरा लहान केलं की पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला टोकं फुटून त्याचा तारा होतो. पाण्यावर वारा असला, तरी अर्धा मिनिट शटर उघडं ठेवलं की लाटा एकमेकींत मिसळून जातात आणि तलाव दुधावरच्या सायीसारखा दिसतो. त्या सायीत दिव्यांचे उभे खांब उतरलेले. मोटारींचे दिवे लाल-पांढऱ्या फिती होऊन पुलावरून वाहत. योगिनीला काठावर उभं राहून यातलं काही दिसायचं नाही. तिला गार वारा लागायचा, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज यायचा, कुठेतरी कणसं भाजल्याचा वास असायचा. मग पडदा उजळायचा, आणि आत्ताच ऐकलेलं ते सगळं तिच्या समोर उभं असायचं.

एकदा गच्चीवरून तिने मुद्दाम बराच वेळ, लागोपाठ फोटो काढले आणि संगणकावर सुभाषने ते एकावर एक रचले. ताऱ्यांच्या कमानी झाल्या होत्या. एकाच्या बाहेर एक, शांत वळसे. भूगोलाची बाई त्या वळशांवरून बोट फिरवत राहिली.

"इतकी वर्षं शिकवलं, पृथ्वी फिरते म्हणून," ती म्हणाली. "आज पाहिलं."

त्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, की नजरेची कड अपेक्षेपेक्षा जास्त आत आली आहे. मधलं टिकेल, बरीच वर्षं टिकेलही, पण बाजूचं जात राहील. तेव्हापासून सुभाषचा हात अधिक घट्ट झाला. ती तिपाईपाशी उभी असली, की तो एका पावलावर उभा. ती वाकली की तो वाकायचा. "थांब, मी फिरवतो. थांब, मी देतो." एकदा तिने शटर उघडलेलं असताना त्याने तिपाईला धक्का दिला. दुसऱ्यांदा दिला तेव्हा ती चिडली.

"अहो, जरा लांब उभे राहा ना! तुम्ही असता तेव्हा मला फक्त तुम्हीच दिसता."

"पडलीस म्हणजे?"

"पडेन. उठेन. पण मला एकदा एकटीने रात्रीत उभं राहायचंय. किती दिवस राहिलेत कोणाला माहीत?"

सुभाषला ते लागलं. दोन दिवस तो अगदी कामापुरतं बोलत होता. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता तो म्हणाला, "अनंताचं इछावरच्या पुढे शेत आहे. तिथे दिवे नाहीत. अमावास्येला जाऊ. आकाशगंगा दिसेल."

"सर्वपित्रीला? लोक म्हणतील, अमावास्येला कुठे निघाले."

"तुला चालेल ना?"

"मला काय, रोजचीच अमावास्या," योगिनी म्हणाली, आणि दोघंही हसली.

इछावरच्या पुढे सोयाबीन कापून झालेलं होतं. मोकळ्या रानाला कापलेल्या काडांचा कोरडा, गोडसर वास येत होता. दिवस असतानाच त्यांनी जागा पाहून ठेवली. बांधावर मोहाचं जुनं झाड होतं, नैर्ऋत्येकडे आभाळ उघडं. योगिनीने उजेडातच तिपाई रोवली, कुठे दगड आहे, कुठे खड्डा आहे, ते पायाने चाचपून घेतलं, फोकस लावून ठेवला. अंधार पडल्यावर सुभाषने झाडापाशी जायचं, बॅटरीचा झोत झाडावर क्षणभर फिरवायचा, म्हणजे झाड फोटोत उजळेल, मग बॅटरी विझवून तिथेच थांबायचं, असं ठरलं. आणि ती हाक मारेपर्यंत यायचं नाही.

"काहीही झालं तरी?"

"काहीही झालं तरी."

अंधार पडला. सुभाषची पावलं काडांवर करकरत लांब गेली. मग रातकिडे तेवढे राहिले. योगिनी आयुष्यात पहिल्यांदा उघड्या रानात, रात्री, कोणाचाही हात न धरता उभी होती. तिला काहीच दिसत नव्हतं. पण रान किती मोठं आहे ते तिला गालांवर कळत होतं. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा हलली. तिला वाटलं, आपण उभ्या नाही, तरंगतोय.

"लावा!" ती ओरडली, आणि बटण दाबलं.

झाडावर झोत फिरून गेल्याचं तिला अगदी अंधुक कळलं. शटर उघडं होतं. आभाळ थेंब थेंब आत येत होतं. ती ओढणी सावरायला एक पाऊल मागे सरकली, आणि तिचा पाय स्टीलच्या थर्मासला लागला. थर्मास दगडावरून घरंगळत, ठणठण वाजत बांधाखाली गेला.

"योगिनी!"

"काही नाही हो, थर्मास होता! येऊ नका!"

पण तो बॅटरी पेटवून निघाला होता. काडं तुडवत, धडपडत. तिला त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मधेच तो अडखळला, पुन्हा उठून धावला, आणि तिच्यापर्यंत पोचून त्याने तिचा कोपर धरला, त्याच क्षणी कॅमेरा खट् करून मिटला.

"लागलं का?"

"मला नाही. तुम्हाला?"

"गुडघा खरचटलाय," तो धापा टाकत म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "फोटो वाया घालवला ना मी? सांगून पण… मला राहवलं नाही गं."

पडदा उजळला. दोघंही वाकली.

वर आकाशगंगा होती. झाडामागून तिरकी उठलेली, धुरासारखी, मध्ये काळ्या फटी पडलेली. योगिनीने पुस्तकातल्या चित्रांत ती शेकडो वेळा दाखवली असेल. आणि खाली, मोहाच्या बुंध्यापासून निघून थेट कॅमेऱ्यापर्यंत, उजेडाची एक रेघ आली होती. सरळ नव्हती. हलत, हेलकावत, एका जागी खाली आपटून पुन्हा वर उचललेली, जवळ येता येता जाड आणि झगझगीत होत गेलेली. त्या रेघेत सुभाष कुठेच नव्हता. धावणारा माणूस फोटोत उमटत नाही.



"पुन्हा काढू," सुभाष म्हणाला. "या वेळी खरंच येणार नाही. शप्पथ."

"काढू," ती म्हणाली. "पण हा पुसायचा नाही."

त्यानंतर त्यांनी आणखी फोटो काढले. सुभाष झाडाखाली खरोखरच दगडासारखा बसून राहिला. ते फोटो स्वच्छ आले, त्यातला एक अनंत किबेने मोठा करून आपल्या दिवाणखान्यात लावला. रेघेचा फोटो योगिनीने पुण्याला जुईला पाठवला. जुईचा लगेच फोन आला.

"आई, आकाशगंगा काय सही आलीय! पण ते खालचं काय आहे? वीज पडली का?"

"तुझे बाबा आहेत," योगिनी म्हणाली.

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. योगिनीच्या नजरेची कड आणखी सरकली आहे. भाजी चिरताना बाजूला ठेवलेली वाटी तिला शोधावी लागते, आणि रस्ता ओलांडायचा तर दिवसाही हात लागतो. आधी तिला याचा फार त्रास व्हायचा. अजूनही कधी कधी होतो, मग ती तासभर कोणाशी बोलत नाही. पण महिन्यातून एकदा तरी दोघं बाहेर पडतात. कधी तलाव, कधी कलियासोत धरणाच्या बाजूची टेकडी, कधी अयोध्या नगरकडच्या नव्या इमारती, जिथे अर्ध्या खिडक्यांत अजून कोणी राहायला आलेलं नाही आणि त्यामुळे दिवे विरळ, चुकल्यामाकल्यासारखे लागतात. सुभाष घडीची खुर्ची घेऊन तिच्यापासून अंतर ठेवून बसतो. बसल्या बसल्या काहीबाही गुणगुणतो, म्हणजे तो कुठे आहे ते तिला कळतं.

मागच्या डिसेंबरात तलावावर धुकं उतरलं होतं. पलीकडचे दिवे दिसेनासे झाले तसे फिरायला आलेले लोक एकेक करून निघाले. सुभाषने विचारलं, "आता तर मलाही काही दिसत नाही. जायचं?"

योगिनी भिंगावर आलेला ओलावा मऊ फडक्याने टिपत होती. तिने बोटांनी चाक तीन टिचक्या मागे घेतलं.

"बसा जरा," ती म्हणाली. "जास्त वेळ उघडं ठेवून बघते."